शेवट कुणाचा? वाचनालयाच्या ग्रुपवरचं एक प्रकरण

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं वाचनालय आहे. 'ब' वर्गाचं, इमारत जुनी, वर्गणीदारांपेक्षा व्हॉट्सॲप ग्रुपवरची माणसं जास्त. गेल्या हिवाळ्यात एका कादंबरी-मालिकेच्या शेवटावरून या ग्रुपवर जे झालं, त्याचं हे टिपण. शेजारच्या दोन वाचनालयांनी "नेमकं काय झालं आणि तुम्ही काय केलं?" असं विचारलं, म्हणून कार्यकारिणीनं ते माझ्या गळ्यात घातलं. लेखिका, प्रकाशक, गाव, कुणाचंच नाव देत नाही. ओळख पटू नये एवढ्यापुरते काही तपशील फिरवले आहेत, घटनाक्रम मात्र आहे तसा ठेवला आहे.

मालिका आणि तिचे वाचक

पाच भागांची रहस्यमालिका. नायिका तापीकाठच्या खेड्यातली, भूजल सर्वेक्षणाच्या खात्यात नोकरीला. बुजवलेल्या विहिरी, सातबाऱ्यावरची संशयास्पद नावं, कुणाच्या तरी बांधाखाली गाडलेलं जुनं पाप, अशी प्रकरणं ती उकलते. तिच्या जोडीला आजी. ही आजी अहिराणीत बोलते.

इथेच सगळी मेख आहे. करमणुकीच्या मराठीत अहिराणी बोलणारं पात्र आलं की ते हसवायला आलं असं आपण गृहीत धरतो. ही आजी अहिराणीत नातीला वाटणीपत्र समजावून सांगते, तलाठ्याची खरडपट्टी काढते आणि रडायच्या वेळी रडत नाही. खाली तळटीप नाही, की मागे शब्दार्थांची यादी नाही. समजलं तर समजलं! धुळ्या-नंदुरबारपासून भुसावळपर्यंत या पुस्तकांचं जे कौतुक झालं ते त्यामुळे. आमच्या भागातल्या एका केळी बागायतदारानं (सगळे त्यांना भाऊ म्हणतात, मीही तेच म्हणतो) स्वतःच्या पैशानं चार जिल्हा परिषद शाळांना संच दिले. निवृत्त मुख्याध्यापक आप्पांनी वाचनालयात दर भागाचं जाहीर वाचन केलं. मालिका लेखिकेनं लिहिली, पण खेड्यापाड्यांत पोचवली ती या माणसांनी. ही गोष्ट लक्षात ठेवल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही.

पाचव्या भागाच्या आधी प्रकाशकानं आगाऊ नोंदणी सुरू केली आणि तिच्यासोबत एक ऑनलाइन कौल घेतला. प्रश्न एकच: नोकरी सोडून नात गावी परतेल का? हो किंवा नाही. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं, शेवट तुमच्या हाती. आमच्या ग्रुपवर लोकांनी घरच्यांकडूनही मतं टाकून घेतली. नोंदणी धडाक्यात झाली, कौल 'हो' असा लागला, आणि पुस्तक आलं ते 'नाही' घेऊन. आजी जाते, नात वावर विकते, पुण्यात घर घेते. शेवटच्या पानावर ती खरेदीखतावर सही करते, पेनाचं टोपण लावते आणि रिक्षात बसते. बस.

लेखिकेशी मागाहून बोलणं झालं तेव्हा कळलं की कौल सुरू झाला त्याच्या कितीतरी आधी पुस्तक छपाईला गेलं होतं. कौल घेतला जातोय हे तिला वाचकांकडूनच समजलं. मालिकेचा शेवट तिनं तिसऱ्या भागाच्या वेळीच ठरवलेला होता.

तीन दिवस

शनिवारी पुस्तकं आली. रविवारी भाऊंच्या मळ्यात भरीत पार्टी ठरलेली. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या खायच्या, आणि मग आप्पा शेवटचं प्रकरण मोठ्यानं वाचणार, असा बेत.

शनिवारी रात्री रेल्वेत नोकरीला असलेल्या एका तरुण सदस्यानं शेवटच्या दोन पानांचा फोटो ग्रुपवर टाकला. फोटोच्या आधी एका ओळीचा मेसेज: "वावर इकी टाकं तिनी!!!" खोडसाळपणा अजिबात नव्हता. त्यानं एका बैठकीत पुस्तक संपवलं होतं, छाती भरून आली होती, आणि त्या वेळी घरात जागं कुणी नव्हतं.

ज्यांना ग्रुप उघडायचाच नव्हता, त्यांनाही शेवट कळला, कारण मेसेजची पहिली ओळ बंद फोनच्या पडद्यावरच दिसते. बँकेत काम करणाऱ्या एका ताईंनी मुद्दाम ग्रुप म्यूट करून ठेवला होता. पण शेजारी बसलेल्या नणंदेचा फोन उजळला आणि नऊ वर्षं वाट पाहिलेला शेवट तिनं स्वयंपाकघरात वाचून दाखवला. पहिलं भांडण या ताईंचं आणि त्या तरुणाचं झालं. ते खरं तर सरळ होतं. त्यानं माफी मागितली, ताईंनी दोन दिवस धरून ठेवून सोडून दिली. ते तेवढ्यावरच मिटलं असतं.

पण रविवारी सकाळी विषय पालटला. फोटो आधी कुणी टाकला हे मागे पडलं, लेखिकेनं असं लिहिलंच कसं हे पुढे आलं. "आम्ही मत दिलं होतं." "हा खान्देशचा अपमान आहे." "पुण्यात बसून आमची वावरं विकायला काय जातं?" (लेखिका पुण्यात राहत नाही, पण हे विचारायला कुणाला सवड होती!) मळ्यात वांगी भाजली गेली, जेवणं झाली, वाचन झालं नाही. दुपारी भाऊंनी पुस्तकाच्या श्रेयपानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि मोबाइल नंबराला लाल गोल केला. सोबत लिहिलं, "ज्याला जे बोलायचं आहे ते थेट बोला."

पुढे एकातून एक निघत गेलं. तो फोटो संध्याकाळपर्यंत नाशिक, सुरत, पुण्यातल्या खान्देशी मंडळांच्या ग्रुपवर गेला. सोमवारी पुस्तकविक्रीच्या संकेतस्थळावर एका ताऱ्याच्या शेऱ्यांची रांग लागली. त्यातल्या बऱ्याच जणांनी पुस्तक वाचलेलं नाही हे त्यांच्या शेऱ्यांवरूनच कळत होतं. एकानं तर आजीला नातीची सासू केलं होतं. त्याच दिवशी कुणीतरी पाचव्या भागाची पीडीएफ फिरवली. म्हणणं असं की असल्या शेवटाला पैसे कशाला मोजायचे?

फोनवर काय झालं

लेखिकेला त्या तीन दिवसांत किती फोन आले हे तिनंही मोजलं नाही. पण ते सगळे एकसारखे नव्हते, आणि हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

एक वयस्कर बाई शिरपूरकडून बोलल्या. त्यांना एवढंच विचारायचं होतं की वावर विकलं ते विकलं, पण आजीची विहीर नव्या मालकानं बुजवली तर नाही ना? लेखिका त्यांच्याशी बराच वेळ बोलली. तो फोन आला म्हणून मी पूर्ण कोसळले नाही, असं तिनं नंतर सांगितलं. काही फोन नुसते रागाचे होते, रागावून ठेवून दिलेले. काहींनी रात्री एक वाजता लावून काहीच न बोलता बंद केले. एका माणसानं "आमच्या गावात येऊन दाखवा" असं म्हटलं. आणि एका अनोळखी नंबरावरून तिच्या मुलीचा शाळेच्या गणवेशातला फोटो आला, खाली मजकूर, "शाळा माहीत आहे आम्हाला."

फेब्रुवारीत ती आमच्या वाचनालयात येणार होती. तिनं येणं रद्द केलं, आणि का ते आमच्या कार्यवाहांना फोन करून नीट सांगितलं. आम्हाला सगळं कळलं ते तेव्हा.

आम्ही काय केलं

ग्रुप दोन दिवस फक्त ॲडमिनला लिहिता येईल असा करून ठेवला. श्रेयपानाचा आणि शेवटच्या पानांचा फोटो सगळ्यांच्या फोनवरून काढून टाकला. ॲडमिनला आता ते करता येतं. लेखिकेला विचारून त्या धमकीच्या मेसेजचे स्क्रीनशॉट नंबर आणि वेळेसकट जपून ठेवले. धमकी हा साहित्यिक मतभेद नव्हे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 351 मध्ये गुन्हेगारी धमकी येते, आणि ओळख लपवून दिलेल्या धमकीला जादा शिक्षा आहे. तक्रार करायची की नाही हा निर्णय लेखिकेचा होता. तिनं ती केली. तो नंबर आमच्या ग्रुपमधला निघाला नाही. म्हणून आम्ही सुटलो असं कार्यकारिणीत दोघांनी म्हटलं. मला ते पटलं नाही, कारण नंबर तिकडे गेला तो आमच्याकडूनच.

ॲडमिन असलेल्या ग्रंथपालांना वेगळीच धास्ती. आपल्यावर गुन्हा दाखल होईल का? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 2021 मध्ये सांगितलं आहे की सदस्यानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, संगनमत नसेल तर, ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. हे वाचून दाखवल्यावर त्या रात्री ते झोपले.

पीडीएफवाल्याला फोन करून सांगितलं की कॉपीराइट कायदा 1957 चा आहे, हक्क लेखकाच्या हयातीत आणि पुढे 60 वर्षं राहतो, आणि शेवट आवडला नाही ही त्यात सवलत नाही. त्यानं पीडीएफ काढली. अर्थात एकदा सुटलेली पीडीएफ कुणाच्या बापाला परत गोळा करता येत नाही.

भाऊंकडे आम्ही दोघं समक्ष गेलो. ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही. चार शाळांना पुस्तकं देणाऱ्या माणसाला सहाशे जणांसमोर जाब विचारला असता तर तो ग्रुप सोडून गेला असता आणि स्वतःचं बरोबरच होतं असं मरेपर्यंत म्हणत राहिला असता.

भाऊंचा मुद्दा बिनतोड वाटेल असा होता. "नंबर पुस्तकातच छापलाय. मी काय चोरून आणला?"

"नाही आणला, भाऊ. पण पुस्तक संपवून एखादा माणूस फोन लावतो, त्याच्यासाठी तो छापलाय."

"मग मी तेच म्हटलं ना, थेट बोला."

"तुम्ही लाल गोल केला, भाऊ."

यावर ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या पोरीचा फोटो कोणी पाठवला?" मुलीबद्दल त्यांना तोवर माहीत नव्हतं, कार्यवाहांनी चहा घेताघेता सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ज्या ज्या ग्रुपवर फोटो गेला असेल तिथे स्वतः लिहिलं की नंबर मी टाकला होता, फोन करू नका. कुणी सांगितलं म्हणून नव्हे.

श्रेयपानावरच्या नंबराबद्दल थोडं थांबून लिहायला हवं. मराठीत छोट्या प्रकाशनांच्या पुस्तकांत लेखकाचा पत्ता आणि मोबाइल सर्रास छापतात. ही चाल पत्रांच्या काळातली. वाचक पोस्टकार्ड घ्यायचा, लिहायचा, पेटीत टाकायचा. तेवढ्यात रागाची धार जरा बोथट व्हायची, आणि लेखकाच्या दारात एका वेळी पोस्टमनच्या पिशवीत मावतील तेवढीच कार्डं यायची. आता तीच ओळ सहाशे हातांत एका क्षणात पोचते. नंबर उघड आहे म्हणून तो कुठेही, कसाही, कुठल्याही मनःस्थितीत वाटायला मोकळा आहे असं होत नाही. लग्नपत्रिकेवरही नंबर असतो.

राग खोटा होता का?

नव्हता. इथे माझं आणि कार्यकारिणीतल्या काहींचं जमलं नाही. त्यांचं म्हणणं, "वाचकानं पुस्तकाचे पैसे दिले, पुस्तक मिळालं, विषय संपला." हे कागदावर बरोबर आहे. पण ज्या माणसांनी नऊ वर्षं एखादी मालिका डोक्यावर घेऊन गावोगाव नेली, त्यांना 'गिऱ्हाईक' म्हणून वाटेला लावणं मला जड जातं. शिवाय हे लोक आपसूक शेवटावर हक्क सांगायला गेले नव्हते. त्यांना तो हक्क देऊ केला गेला होता, छापील शब्दांत, आगाऊ पैसे घेऊन. शेवट तुमच्या हाती असं म्हणायचं आणि पुस्तक आधीच छापून ठेवायचं, याला माझ्या मते फसवणूक हा साधा शब्द पुरतो.

म्हणजे तक्रारीला जागा होती. फक्त ती लेखिकेच्या मोबाइलवर नव्हती. कौलाबद्दलची तक्रार प्रकाशकाकडे जायला हवी होती. शेवटाबद्दलची नाराजी परीक्षणात, ग्रुपवर, वाचनालयातल्या चर्चेत, कितीही कडक शब्दांत. आणि लेखिका कुठे राहते, तिची मुलगी कुठल्या शाळेत जाते, याच्याबद्दल तक्रारीला कुठेच जागा नव्हती. तीन दिवसांत हे तिन्ही एकाच नंबरावर जाऊन आदळलं.

आप्पांशी यावर बरंच बोलणं झालं. ते शिकलेले, वाचलेले. त्यांनी होम्स काढला. "1893 साली कॉनन डॉयलनं होम्सला धबधब्यात ढकललं. वाचकांनी आकांत केला. आणला की नाही परत?" आणला, हे खरं. त्या वेळी 20,000 वर वर्गणीदारांनी त्या कथा छापणाऱ्या मासिकाची वर्गणी बंद केली असं सांगतात, आणि एका बाईंच्या पत्राची सुरुवातच शिवीनं होती असं डॉयलनं आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. पण होम्स जिवंत होऊन आला तो 1903 मध्ये, दहा वर्षांनी, आणि त्यात अमेरिकेतून आलेल्या घसघशीत मानधनाचा हात मोठा होता. शिवी देणाऱ्या बाईंचा किती होता, कोण सांगणार? आणि वर्गणी बंद करणं ही मला अगदी रास्त कृती वाटते. आपले पैसे, आपण थांबवले. कुणाच्या दारात जाऊन उभं राहिलो नाही.

अलीकडचं उदाहरण मी त्यांना दिलं. अमेरिकेतल्या शार्लेन हॅरिस यांची तेरा भागांची मालिका 2013 मध्ये संपली. शेवटचा भाग बाजारात यायच्या आधीच त्यातलं फुटलं, नायिका कुणाची होते यावरून वाचक खवळले, धमक्यांपर्यंत मजल गेली. म्हणजे हे फक्त आपल्याकडचं नाही. आप्पा म्हणाले, "मग आपण त्यांच्या पंगतीत बसलो म्हणायचं." ते काही मला समाधान वाटलं नाही, त्यांनाही नसावं.

वाट पाहणं खान्देशी वाचकाला नवं नाही. यावल तालुक्यातल्या सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांची 'हिंदू' 2010 मध्ये आली ती चतुष्टयाचा पहिला भाग म्हणून. पुढचे कधी, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या वाचनालयाच्या कट्ट्यावर आहे. कुणी म्हणतं येतील, कुणी म्हणतं नकोत. पण त्यासाठी सांगवीला जाऊन कुणी आरडाओरडा केला नाही. मग याच मालिकेवर लोक एवढे का तुटून पडले?

याचं उत्तर मला आप्पांच्याच बोलण्यात सापडलं, आणि ते त्यांनी उत्तर म्हणून दिलं नव्हतं. त्यांची दोन्ही मुलं पुण्यात. वडिलोपार्जित कोरडवाहू वावर दोन वर्षांपूर्वी विकलं. "पुस्तकात तरी एक पोरगी परत यायला पाहिजे होती," असं ते म्हणाले, आणि लगेच कपाशीच्या भावावर बोलायला लागले. ग्रुपवरच्या मेसेजांकडे त्यानंतर पुन्हा पाहिलं तर निम्म्या तरी लोकांचं असंच काही होतं. कुणाचा मुलगा सुरतेत, कुणाची बहीण नाशकात, कुणी स्वतःच वाघोलीच्या फ्लॅटमधून लिहीत होता की गाव सोडणारी नायिका आम्हाला नको. लेखिकेनं जे लिहिलं ते चूक होतं म्हणून नव्हे, ते ओळखीचं होतं म्हणून झोंबलं. पण झोंबलं म्हणून कुणाला रात्री एक वाजता फोन लावता येत नाही.

नियम

ग्रुपवर आता थोडे नियम आहेत. नवीन पुस्तक आल्यावर महिनाभर शेवटाबद्दल मुख्य ग्रुपवर काही नाही. त्यासाठी "वाचून झालं" नावाचा वेगळा ग्रुप आहे, पुस्तक संपवलं की ग्रंथपालांना सांगून त्यात यायचं. पुस्तकाबद्दल काहीही लिहा, लेखकाच्या घराबद्दल, जातीबद्दल, पोराबाळांबद्दल नाही. कुणाचाही नंबर टाकायचा नाही, छापलेला असला तरी. न वाचता शेरा मारायचा नाही, हा नियम काढून टाकावा लागला, कारण तो पाळला जातो की नाही हे बघणार कोण?

"वाचून झालं" ग्रुप अपेक्षेपेक्षा जोरात चालला. चोपड्याकडच्या, कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीनं तिथे स्वतःचा शेवट लिहिला: नात परत येते, पण वावर तोवर विकलेलं असतं, आणि ती त्याच वावरात मजुरीवर पाणी धरायला जाते. लेखिकेच्या शेवटापेक्षा हा जास्त कडू आहे असं माझं मत. तिनं विचारलं, "सर, हे लिहिणं चुकीचं नाही ना?" लेखिकेला कार्यवाहांकरवी विचारलं. निरोप आला की लिहू दे, विकू नये आणि माझं नाव लावू नये.

लेखिकेला पुन्हा बोलवायचं का, यावर दोन बैठका झाल्या आणि ठरलं नाही. माझं मत नको असं आहे, निदान या वर्षी. यायचं असेल तर ती येईल. आम्ही विचारलं की तिला नाही म्हणावं लागणार, आणि ते ओझंही तिच्यावरच. आप्पांना मात्र तिच्यासमोर बसून भांडायचं आहे, सभ्यपणे, माइकवर. त्यांचा तो हक्क मला मान्य आहे, पण समोर बसायचं की नाही हे तिनं ठरवायचं.

प्रकाशकाला पत्र गेलं. त्यात शेवटाबद्दल एक शब्द नाही. फक्त कौलाबद्दल आहे, तारखांसह, आणि खाली भाऊ-आप्पांसकट चाळीसेक सह्या आहेत. उत्तर दोन ओळींचं आलं: कौल हा प्रसिद्धीचा भाग होता, वाचकांच्या भावनांचा आदर आहे. पैसे परत मागणाऱ्या तिघांना त्यांनी परत दिले. वाचनालयानं ठरवलं आहे की कौल घेऊन विकलेल्या पुस्तकाची आगाऊ नोंदणी यापुढे करायची नाही, पुस्तक आलं की दुकानातून पाहून घ्यायचं. पत्र, उत्तर आणि हा ठराव, तिन्ही दाराजवळच्या फलकावर लावले आहेत.